पंचवीसचा कट्टा

सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात
काउंटरवरच्या पोरीनं मान वर न करता सांगितलं,
नॉर्मल पस्तीस, सिझर सत्तर,
रूमचे वेगळे, बाळाच्या डॉक्टरचे वेगळे.
मी विचारलं, आणि जवळ कोण थांबणार?
तेव्हा तिनं वर बघितलं.
नातेवाईक, म्हणाली.

नातेवाईक.
आई भिवंडीला, लूम गेले त्यांच्या मागोमाग गेलेली.
सासूची उजवी बाजू दोन वर्षं झोपून आहे.
राजेशमची रातपाळी टॉवेलच्या कारखान्यात,
त्या खडखडाटात राहून राहून
घरातसुद्धा त्याला ओरडूनच माया करता येते.

सिव्हिलमध्ये पैसे लागत नाहीत, हे काय मला ठाऊक नाही?
थोरल्या जावेचं तिथंच झालं.
पोरगं चांगलं झालं, म्हणते ती,
पण रात्रभर मी भिंतीवरच्या पालीशी बोलत होते.

मग विचारत सुटले.
विड्या जमा करायच्या रांगेत,
पिठाच्या गिरणीत, नळाला पाणी यायच्या रात्री
घागरी लावून बसलेल्या बायकांत.
मोबाइलवर पुण्याची एक बाई सापडली,
बाळंतपणात सोबत करते, गोड बोलते, श्वास शिकवते.
तिचा आकडा ऐकला
आणि खोल श्वास कसा घ्यायचा ते
मी तिथल्या तिथं शिकले, फुकटात.

शेवटी अनसूया चिप्पा म्हणाली,
अगं, कुंभार वेशीत मलकव्वा आहे की.

मलकव्वा दारात तवा घासत होती.
एका बंद पडलेल्या प्रसूतिगृहात तीस वर्षं आया.
पोटाकडं बघितलंच नाही तिनं, पायांकडं बघितलं.
सुजलेत. मीठ कमी कर. शेंगाचटणी बंद.
(शेंगाचटणी बंद म्हणजे आमच्याकडं जेवणच बंद.)

किती घ्याल?
बाराशे.
आठशे करा की.
चादर घेताना कर घासाघीस, म्हणाली,
माझ्यापाशी नको.
बाराशे, येण्याजाण्याची रिक्षा, दोन वेळची कडक भाकरी.
सुई मी टोचत नाही, नाळ मी कापत नाही,
ते डॉक्टरचं काम.
मी कंबर धरते.
सिस्टर हाकलेल, मी बाहेरच्या बाकावर जाईन.
सिस्टरची पाठ वळली की परत येईन.

बाराशे.
भिशीचा माझा नंबर फाल्गुनात,
आणि माझे दिवस भरतात पौषात, गड्डा भरतो तेव्हा.
शनिवारी सगळ्या जणींसमोर उभी राहिले,
काय बोलायचं ते ठरवून गेलेले, एक अक्षर आठवेना.
पदराचं टोक तेवढं पिळत राहिले.
सायराबीनं आपली चिठ्ठी माझ्या हातात कोंबली.
तिला कपाट घ्यायचं होतं.
कपाट थांबतंय, म्हणाली, पोरगं थोडंच थांबतंय.

आता बुधवारी बुधवारी जाते मलकव्वाकडं.
कळ आली की मोजायचं, सांगते ती,
ओंदु, एरडु, मूरु.
मावशी, मला कन्नडात नाही येत.
मग काय मोजता येतं तुला?
विड्या.
विड्या मोज. पंचवीस झाल्या की दोरा गुंडाळ,
कट्टा बाजूला ठेव,
परत त्याच्याकडं बघायचं नाही.
पुढचा येईपर्यंत पाणी पी, मला शिव्या दे, काहीही कर.

रात्री सराव करते, भिंतीला टेकून.
ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु...
सतराव्याला आतून लाथ बसते, मोजणी चुकते.
कारखान्यात एक विडी कमी भरली
तर अख्खा कट्टा तोंडावर मारतात.
मलकव्वाला विचारलं.
हितं चालतंय, म्हणाली.

राजेशमच्या मोबाइलमध्ये तिचा नंबर घातलाय,
'मलकव्वा कंबर' नावानं.
वाजवायचा मात्र दोनदा.
पहिल्या वेळी तिला वाटतं
आपला कानच वाजतोय.